गच्चीला पांढरा कूल कोट मारला त्याची हकीकत

आधीच सांगून टाकते, खोली थंडगार बिंडगार काही होत नाही. गच्चीला कूल कोट, म्हणजे ऊन परत फेकणारा पांढरा रंग, मारला की एसीचं कामच नाही असं जर कुणी दुकानात सांगत असेल तर त्याला नमस्कार करायचा आणि पुढच्या दुकानात जायचं. जे होतं ते वेगळं होतं आणि ते भर दुपारी नाही, रात्री कळतं. मला नेमकं तेच हवं होतं म्हणून मी खूश आहे. आमच्या शेजारच्या काकांनी माझं बघून लगेच मारून घेतला आणि आता म्हणतात काहीच फरक नाही, कारण ते दिवसभर दुकानात असतात आणि रात्री तळमजल्यावर झोपतात. तळमजल्याला याचा काय उपयोग होणार हो.

आमचं घर सांगलीत शामरावनगरच्या बाजूला, तळमजला आणि वर एक मजला. २०१९ च्या पुरात खाली पाणी शिरलं, मग २०२१ ला परत तेच, तेव्हापासून आम्ही ठरवलं की खाली स्वयंपाकघर आणि सासू-सासऱ्यांची खोली सोडून काही ठेवायचं नाही. कपाटं वर, झोपणं वर, आणि माझ्या शिकवण्या पण वर. मी आठवी ते दहावीचं गणित घेते, संध्याकाळी साडेपाचपासून साडेआठपर्यंत. पुराचा प्रश्न सुटला आणि उन्हाचा सुरू झाला. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या आसपास जातो हे सगळ्यांना माहितीय, पण खरी मजा संध्याकाळी सातनंतर. बाहेर रस्त्यावर बरा वारा सुटलेला असतो, लोक फिरायला निघालेले असतात, आणि आमच्या वरच्या खोलीत पोरं वहीनं वारा घेत बसलेली. पंखा लावला की छताजवळची गरम हवा डोक्यावर आदळायची. एक पालक तर म्हणाले, मॅडम मे महिन्यात ऑनलाइन घ्या की.

हे असं का होतं ते एकदा नीट बसून समजून घेतलं. चुलीतला जाळ विझला तरी चुलीचा ओटा बराच वेळ गरम राहतो, स्लॅबचं तसंच आहे. पाच इंची स्लॅब, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, एवढ्या जाडीतून दुपारचं ऊन खाली उतरायला चार-पाच तास जातात. म्हणजे दोन वाजता गच्चीनं जे खाल्लं ते सात वाजता आमच्या डोक्यावर. आणि नुसती हवा गरम असते असं पण नाही, आख्खं छतच अंगावर उष्णता टाकत असतं. म्हणून भिंतीवरचं तापमापक ३४ दाखवतं आणि जीव मात्र ४० असल्यागत कासावीस होतो.

दहावीच्या पोरांना मी याचं गणितच घातलं होतं. निरभ्र आकाशात भर दुपारी दर चौरस मीटरला साधारण १००० वॉट ऊन पडतं. आमची गच्ची ९०० स्क्वेअर फूट, म्हणजे ८४ चौरस मीटर, म्हणजे ८४ किलोवॉट. जुना काळपट सिमेंटचा पृष्ठभाग त्यातलं ७० टक्क्यांच्या आसपास शोषून घेतो असं धरलं तर ५९ किलोवॉट होतात. दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. आता ते ५९ सगळे काही घरात येत नाहीत, बरेचसे वाऱ्याबरोबर आणि आकाशाकडे परत जातात, पण उरलेले आपलेच. पोरांपैकी एकजण म्हणाला मग मॅडम गच्चीला छत्री लावा. चुकीचं नव्हतं काही त्याचं. उन्हाळ्यात भिंतींपेक्षा गच्चीलाच जास्त मार बसतो, आपल्या सांगलीत मेच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटाला सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते, तेव्हा दक्षिण-उत्तरेच्या भिंती तशा निवांत असतात.

छत्रीचा म्हणजे पत्र्याच्या शेडचा विचार झाला. खर्च बघून सोडला, आणि वादळी वळवाच्या पावसात पत्रे उडाल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतोच. ग्रीन नेट लावून बघितली होती आदल्या वर्षी, बरी होती, एका वळवात फाटली. पीओपीचं छत करा असं एकानं सुचवलं, त्यानं उष्णता अडते थोडी पण स्लॅब तापायचा तो तापतोच, आणि आधीच साडेनऊ फुटांची खोली अजून बुटकी होणार. पांढऱ्या चायना चिप्स, म्हणजे टाइलचे तुकडे बसवणं, उत्तम, खूप टिकतात, पण गच्चीवर अजून वजन आणि खर्च तिप्पट.

सासऱ्यांचा आग्रह चुन्याचा. ते मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर होते, तिथल्या गोडाऊनच्या पत्र्यांना उन्हाळ्यात चुना मारायचे म्हणे. आणि चुना काही वाईट नाही, अहमदाबादला वस्त्यांमधल्या घरांवर चुनाच मारला होता महापालिकेनं, २०१७ पासून त्यांचा कूल रूफचा कार्यक्रम चालू आहे. ताजा चुना ऊन परत फेकण्यात महागड्या रंगाच्या फार मागे नसतो. आम्ही पण मारत होतो अधूनमधून, फेव्हिकॉल घालून. अडचण एवढीच की पहिल्या दोन-चार पावसात तो निघून जातो, पायाला लागून घरभर पांढरे ठसे उठतात, आणि दरवर्षी परत तेच काम. ज्याला दोन हजारात भागवायचंय त्यानं खुशाल चुना मारावा, माझं काही म्हणणं नाही. फक्त पुढे कधी कोट मारायचा असेल तर तो चुना आधी खरवडून काढावा लागतो, ते पुढे येतंच.

मग दुकानं. प्रत्येक ठिकाणी तेच, "मॅडम १० डिग्री गॅरंटी." मी विचारलं, कशाचे १० डिग्री, स्लॅबचे का खोलीचे? यावर एकजण म्हणाला दोन्हीचे. खरी गोष्ट अशी की भर दुपारी गच्चीचा पृष्ठभाग १५ अंशांनी पण कमी होऊ शकतो, त्यात खोटं काही नाही, पण खाली खोलीतली हवा दोन-तीन अंश कमी झाली तरी खूप. बकेटवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक पृष्ठभागाचा असतो आणि गिऱ्हाईक तो खोलीचा समजून घेतं.

माझा भाचा वालचंद कॉलेजला इंजिनिअरिंग करतोय, त्यानं सांगितलं मावशी तू फक्त एसआरआय विचार आणि टेस्ट रिपोर्ट माग. सोलर रिफ्लेक्टन्स इंडेक्स. ठरावीक काळ्या नमुन्याला ० आणि ठरावीक पांढऱ्या नमुन्याला १०० धरून केलेली मोजपट्टी आहे ती, चांगला कोट १०० च्या वर पण जातो. यात दोन गोष्टी एकत्र मोजतात, एक म्हणजे ऊन किती परत फेकलं आणि दुसरी म्हणजे जे थोडंफार शोषलं ते उष्णतेच्या रूपानं आकाशाकडे किती पटकन सोडलं. ही दुसरी गोष्ट लोकांना माहितीच नसते. कोरा चकचकीत पत्रा ऊन बरंच परत फेकतो, डोळे दिपतात आपले, तरी हात लावला तर भाजतो, कारण तापल्यावर उष्णता सोडण्यात तो कमी पडतो. रंगाचं तसं नाही, पांढरा असो का धातूची चमक नसलेला दुसरा कुठला, तो उष्णता झटपट सोडतो. एका दुकानात चंदेरी ॲल्युमिनियम पेंट "हाच रिफ्लेक्टिव्ह" म्हणून गळ्यात मारत होते, तो मी या एका कारणासाठी नको म्हणलं.

भाच्याला विषय मिळाल्यावर तो थांबतोय होय. त्यानं अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातला रंग दाखवला मोबाईलवर, २०२१ मध्ये त्यांनी ९८.१ टक्के ऊन परत फेकणारा पांढरा रंग केला, बेरियम सल्फेट घालून. पोटाच्या एक्सरेआधी पाजतात ते बेरियम तेच. आपल्या नेहमीच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि ते अतिनील किरण शोषून घेतं, तिथं काही टक्के जातात, म्हणून त्यांनी ते टाळलं. तो रंग भर उन्हात पण आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड राहिला म्हणे. मी म्हणलं छान आहे, गणपती पेठेत कुठल्या दुकानात मिळतो ते सांग. गप्प बसला.

मग मी विचारलं साधा एक्स्टीरियरचा पांढरा रंग का नको, तो पण पांढराच आहे की. याचं उत्तर ज्यांनी शेवटी आमचं काम केलं त्या मिस्त्रीमामांनी दिलं, भाच्यानं नाही. भिंतीचा रंग भिंतीसाठी असतो, तिथं पाणी थांबत नाही. गच्चीवर पाणी साचतं, स्लॅब उन्हानं ताणतो आणि थंडीनं आकसतो, साधा रंग वर्षात पोपडे धरतो. गच्चीसाठीचा कोट रबरासारखा ताणला जाणारा असतो. पण म्हणून तो वॉटरप्रूफिंग आहे असं पण नाही. काही कोट दोन्ही काम करतात, काही फक्त ऊन फेकतात, विकणारे मात्र सगळ्यांनाच टू इन वन म्हणतात. गळती असेल तर गळती आधी.

मिस्त्रीमामा मिळायच्या आधी एक कंत्राटदार येऊन गेला होता, नाव घेत नाही. त्यानं गच्चीवर पाय पण नीट ठेवला नाही, जिन्याच्या दारातूनच बघून म्हणाला एका दिवसात करून देतो, एक बकेट बास होईल. ९०० फुटाला दोन हात आणि २० लिटरची एक बकेट. म्हणजे पाणी किती घालणार होता कुणास ठाऊक. मी बकेटवरचा हिशेब वाचून दाखवला तर म्हणाला ते कंपनीवाले जास्त लिहितात मॅडम माल खपवायला.

मिस्त्रीमामा मिरजेकडचे, साठीचे असतील, त्यांचं पहिलं वाक्य होतं, "ताई, रंग कुणीबी मारतंय, धुणार कोन ते बघा." आणि खरंच सगळ्यात जास्त वेळ आणि कष्ट धुण्यातच गेले. आधी कोरड्या तारेच्या ब्रशनं जुना चुना आणि शेवाळ खरवडलं, दोघं पोरं बसून घासत होती, पाण्याच्या टाकीखालचा कोपरा तर वर्षानुवर्षं कुणी बघितलाच नव्हता. मग प्रेशरच्या पाण्यानं धुतलं, वाळल्यावर मामांनी हात फिरवून बघितला, तळव्याला पांढरी भुकटी लागली, म्हणाले परत. चुन्याचा थर राहिला तर कोट त्या चुन्याला चिकटतो, कोब्याला नाही, आणि मग चुन्यासकट उचलून येतो. दुसऱ्यांदा धुतल्यावर चिकटपट्टी लावून ओढून बघितली, पट्टीला काही आलं नाही तेव्हा पुढे सरकले.

मग भेगा. बारीक भेगा छिन्नीनं जरा रुंद करून, तळाला निमुळत्या, त्यात पॉलिमरचं मॉर्टर भरलं. कठडा आणि गच्ची जिथं मिळतात तिथला वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, अर्धा सुटलेला होता, तो काढून नवीन केला, पाइप बाहेर पडतात तिथं फायबरची जाळी बसवून त्यावर कोट. डाउनटेकच्या, म्हणजे पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपाच्या, तोंडाशी ढाळ उलटा झाला होता, पाणी तिथंच तळं करायचं, ते पण यातच उरकून घेतलं. हे सगळं कूल कोटच्या हिशेबात नव्हतं, खर्च वाढला. सासरे म्हणाले बघ, चुना स्वस्त होता.

त्यानंतर मामांनी काय केलं तर प्लास्टिकचा एक कागद चारी बाजूंनी पट्ट्या लावून कोब्यावर चिकटवला, वर विटा ठेवल्या, आणि म्हणाले उद्या बघू. मला कळेना. दुसऱ्या दिवशी काढला तर आतल्या बाजूनं थेंब. म्हणजे धुण्याचं पाणी कोब्यात मुरलेलं अजून वर येतंय, त्यावर कोट मारला असता तर फुगे आले असते. परत थांबलो. नवरा वैतागला, आभाळ भरून यायला लागलं होतं आणि एखादा वळीव आला असता तर परत पहिल्यापासून. मामा मात्र आभाळाकडे बघून "येत न्हाई आज" म्हणायचे आणि विडी काढायचे. नाही आला, नशीब.

रंगकाम प्रत्यक्षात सगळ्यात कमी वेळाचं. पहिला हात प्रायमरचा, पातळ. मग एक हात लांबीत आणि दुसरा त्याच्या आडवा, म्हणजे पहिल्यात सुटलेलं दुसऱ्यात झाकलं जातं. पण वेळा बघा, सकाळी उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत आणि मग थेट संध्याकाळी. दुपारी नाहीच. तापल्या कोब्यावर रोलर फिरवला की रंग पसरायच्या आधीच वाळतो, पट्टे पडतात आणि नीट धरत पण नाही. दोन हातांत बकेटवर सांगितलेले तास सोडले, वर अजून थोडे. खडबडीत कोब्यानं रंग भरपूर प्यायला, दोन बकेट संपून तिसरी फोडावी लागली. एका बकेटवाल्या कंत्राटदाराची आठवण काढून हसलो सगळे.

खर्च सगळा मिळून स्क्वेअर फुटाला ३५ रुपयांच्या आसपास पडला, त्यात रंग अर्ध्याहून थोडा जास्त, बाकी धुणं, भेगा, वाटा आणि मजुरी. ज्याची गच्ची धडधाकट आहे त्याला बराच कमी पडेल.

पुढच्या अडगळीच्या खोलीवरचा तुकडा मी मुद्दाम कोरा ठेवायला लावला. मामांना ते अजिबात पटलं नाही, "ताई एवढ्यासाठी काय वाचवताय." वाचवायचा प्रश्न नव्हता, मला तुलना करायची होती. आज मोजलं आणि महिन्यानं मोजलं तर ऊन वेगळं, वारा वेगळा, कशाचा फरक ते कळणार कसं? एकाच गच्चीवर एकाच वेळी दोन्ही असलं की भांडणच मिटलं.

मोजायला आधी कोविडातली कपाळावर धरायची बंदूक घेऊन गेले, ती गच्चीवर नुसतं "हाय" दाखवते कारण ती अंगाच्या तापापुरतीच बनवलेली असते. मग नवऱ्याच्या मित्राच्या वर्कशॉपमधली खरी इन्फ्रारेड गन आणली, कुपवाड एमआयडीसीतून. तीत पण एक मेख आहे, ती सिमेंट आणि रंगावर बरोबर वाचते, चकचकीत पत्र्यावर चुकीचं आणि कमी दाखवते, त्यामुळे त्या मित्राला आपलं शेड फार गार आहे असं वाटत होतं.

तर आकडे. मे महिन्यात एका दुपारी अडीचच्या सुमाराला, बाहेर ३९, कोरा तुकडा ५९ आणि पांढरी गच्ची ४३. अनवाणी चालता येत होतं, कोऱ्यावर पाय ठेवला की उडी. हे बघून आम्ही उड्या मारल्या, पण त्याच वेळी खाली खोलीत गेले तर नेहमीसारखंच गरम. उकाडा तोच, खिडकीतून गरम वारा तोच. नवरा म्हणाला झालं, पैसे पाण्यात. थांब म्हणलं रात्रीपर्यंत. रात्री आठ वाजता शिकवणीच्या खोलीचं छत खालून मोजलं, ३४. अडगळीच्या खोलीचं छत त्याच मिनिटाला ३९. खोलीतल्या हवेत फरक दोन-अडीच अंशांचाच, पण डोक्यावरचं ते दडपण गेलं. पोरांना मी काही सांगितलं नव्हतं, तरी वहीचा पंखा बंद झाला हे मी बघितलं, आणि एकीनं विचारलं मॅडम एसी घेतला का. नाही गं बाई.

आम्ही रात्री बेडरूममध्ये एसी लावतो तो आधी पहाटेपर्यंत चालायचा, आता एक-दीडला बंद करून पंख्यावर झोप लागते. महावितरणच्या बिलात उन्हाळ्याचे दोन महिने ३०० युनिटच्या आत राहिलो, आधी वर जायचो, आणि ३०० च्या वरचे युनिट महागड्या दरानं लागतात त्यामुळे फरक जाणवतो. पण त्यात मुलगा पुण्याला गेला त्याचा पण वाटा आहे, सगळं श्रेय रंगाला देणार नाही.

आता तक्रारी. सासूबाईंची पहिली. कुरडया आणि सांडगे पांढऱ्या गच्चीवर घातले तर वरून वाळतात पण खालून स्लॅबची धग लागत नाही, म्हणून वेळ लागतो, शिवाय दुपारी उलटायला गेलं की डोळे दिपतात. शेवटी त्यांनी तो कोरा तुकडा ताब्यात घेतला आणि आता म्हणतात, तेवढं बरं डोकं चालवलंस. समोरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात उजेड मारायला लागला, त्यांनी सांगितलं, अगदी खरं होतं, मग त्यांच्या खिडकीला आम्ही जाड पडदा करून दिला. ज्यांना हा त्रास नको त्यांच्यासाठी वेगळ्या रंगांतले कूल पेंट येतात, उन्हातली निम्मी ऊर्जा डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये असते, तेवढी परत फेकायची आणि दिसायला विटकरी राहायचं. सासूबाईंना विटकरीच हवा होता. पण पांढऱ्याची बरोबरी तो करत नाही, म्हणून मी ऐकलं नाही. पावसात ओल्या कोटवर पाय घसरतो, जिन्याच्या दारापुढे मामांनी दुसरा हात ओला असतानाच त्यावर थोडी बारीक वाळू टाकली होती, ती कामाला आली. थंडीत सकाळी वर जरा जास्त गारठा वाटतो, सांगलीची थंडी ती काय, पण सासरे बोलून दाखवतात.

गल्लीत आधी हे नवीन खूळ म्हणून चेष्टा झाली. नणंद हैदराबादला असते तिनं सांगितलं की तिकडे तर तेलंगण सरकारनं २०२३ मध्ये कूल रूफ पॉलिसीच आणलीय, सरकारी आणि कमर्शियल इमारतींना सक्तीची, आणि ६०० चौरस यार्डांपासून पुढच्या प्लॉटवरच्या घरांना पण. तेव्हापासून चेष्टा कमी झाली. सोलर पॅनल घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॉटला ७८,००० सबसिडी मिळते म्हणून आमच्या गल्लीत बरेच जण आहेत, त्यांना मी एकच सांगते, कोट आधी आणि पॅनल नंतर. पॅनल बसल्यावर खाली वाकून रोलर कोण फिरवणार. पॅनलखाली सावलीच असते म्हणा, पण भेगा तिथं पण पडतात.

वर्षभरानं काय राहिलं ते पण सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे नदीकाठच्या वीटभट्ट्या, रस्त्याची धूळ, आणि ऊस तुटायला लागला की पाचट जाळल्याची काळी भुसकटं उडत येतात, दिवाळीनंतर गच्ची राखाडी दिसायला लागली. पावसाळ्यात डाउनटेकजवळ हिरवं पण धरलं होतं. मळला की ऊन परत फेकणं कमी होतंच, आणि जास्त घसरण पहिल्या वर्षीच होते, मग ती बऱ्यापैकी थांबते. फेब्रुवारीत साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुतली, ॲसिड-बिसिड काही नाही, तारेचा ब्रश तर हातात पण घ्यायचा नाही. एप्रिलमध्ये गन परत आणली, दुपारी पांढरी ४५ आणि कोरा ५८. एका कोपऱ्यात टाकीच्या पायाशी हातभर पोपडा आलाय, तिथं ओल राहिली असणार असं मामा म्हणतात, फोनवरच निदान.

काकांनी त्यांचं काम त्या एका बकेटवाल्याकडूनच करून घेतलं होतं, पहिल्या पावसाळ्यात पांढरं पाणी डाउनटेकमधून अंगणात आलं. आता ते मामांचा नंबर मागतायत आणि मामा म्हणतात आधी ते सगळं खरवडायचे पैसे वेगळे.

आमच्या वरच्या खोलीत आता जो काही उकाडा उरलाय तो पश्चिमेच्या भिंतीचा आहे, चारनंतरचं तिरपं ऊन तिच्यावर पडतं आणि गन लावली तर आतून ३७ दाखवते. मला वाटलं होतं उरलेला कोट तिलाच मारू. भाचा म्हणतो भिंतीला रंगापेक्षा बाहेरून सावली दे, बांबूची चटई नाहीतर एखादा वेल. मामा येऊन बघून गेले, भिंतीवर टकटक करून म्हणाले प्लास्टर सुटलंय, आधी ते काढायचं, चटई बांधायला खिळा ठोकला तर पडेल. पाऊस उघडल्यावर बघू म्हणलंय, तोवर त्या बाजूच्या बाकावर पोरं बसवत नाही.